चौथ्या होलचा उतार

नौपाड्यातल्या आपल्या गल्लीतून बाहेर पडलं की ते कोपऱ्यावर थांबायचे, डोळे बारीक करायचे आणि रस्त्याच्या पार टोकाला असलेला दातांचा दवाखाना किती यार्डांवर आहे ते सांगायचे. "एकशे अठ्ठेचाळीस. वारा समोरून. इथे लोकांचा चेंडू अलीकडेच पडेल." मग छत्री काखेत मारून चालू लागायचे. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस सरकलेला आहे. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, नाही, हा आपल्यापेक्षा फार हुशार आहे. तेव्हापासून मी या दोन मतांमध्ये येरझाऱ्या घालतोय. त्यामुळे आधीच सांगून टाकतो, ज्यांच्याबद्दल लिहायला बसलोय तो माणूस मला कळलेला नाही.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते सगळ्यांना अहोजाहो करायचे, अगदी पोकलेन चालवणाऱ्या माझ्याहून लहान ऑपरेटरलाही. साइटवर एक पिवळं कुत्रं होतं, ते नेमकं सरांच्या घडीच्या स्टुलाच्या जागेवर झोपायचं. त्याला ते "अहो, जरा सरकता का?" असं विचारायचे आणि ते सरकायचं. मला मात्र त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. इंजिनिअर म्हणायचे. मी एकदा नाव सांगून पाहिलं तर म्हणाले, नाव तुम्हाला बारशाला मिळालं, त्यात तुमचं काय कर्तृत्व? इंजिनिअर तुम्ही स्वतः झालात.

त्या दिवशी मी साइटवर छाती काढून फिरलो. का फिरू नये? वडील टिटवाळा स्टेशनबाहेर रिक्षा चालवतात, आजोबा मुरबाडकडे दुसऱ्याच्या शेतात राबले. आमच्या घरात पदवीचं सर्टिफिकेट आणणारा मी पहिला. आईने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवलेलं, दर दिवाळीला पुसून परत ठेवते.

मी तेव्हा नुकताच लागलेलो. टिटवाळ्याच्या पुढे एक मोठी टाउनशिप उभी राहत होती आणि बिल्डरला तिच्यात नऊ होलांचं गोल्फ कोर्स हवं होतं. मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर साइट इंजिनिअर. गोल्फ मी फक्त टीव्हीवर चॅनल बदलताना पाहिलेलं. होल म्हणजे फक्त खड्डा नसतो, हे मला तिथे कळलं. एक अख्खा पट्टा म्हणजे होल. एका टोकाला मारायचा ओटा, दुसऱ्या टोकाला बारीक कापलेली हिरवळ, तिला ग्रीन म्हणतात, आणि ग्रीनवर झेंडा लावलेलं भोक. पार थ्री म्हणजे सगळ्यात छोटा पट्टा. चांगल्या खेळाडूने तीन फटक्यांत संपवायचा: एक मारून ग्रीनवर, मग दोन ढकलून भोकात. हे सगळं मी घरी नीट समजावून सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चार वर्षं शिकलास ते खड्डा पाडायला?"

आठ होलं परदेशात शिकून आलेल्या एका डिझायनरने काढून दिलेली. चौथं राहिलं. तिथे जागाच वाईट होती. एका बाजूला टेकाड, मध्ये काळ्या दगडाची पाठ, पलीकडे डावीकडून मागे वळून जाणारा ओढा. डिझायनर म्हणाला टेकाड कापा, ओढा वळवा. दोन्ही जमण्यासारखं नव्हतं, त्यावरून वाजलं आणि तो निघून गेला. मग आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरसाहेबांना आठवलं, त्यांच्या सासुरवाडीच्या बिल्डिंगमध्ये एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, जे जिन्यात भेटेल त्याला गोल्फबद्दल सांगतात. अशा रीतीने सर आले. पांढरे कॅनव्हासचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खांद्याला एक लाकडी पेटी.

सर सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. सदतीस वर्षं त्यांनी रस्त्याखालच्या मोऱ्यांचे नकाशे काढले. मग गोल्फ कुठून आलं, असं मी विचारलं. मला त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील एका थंड हवेच्या ठिकाणी साहेबलोकांचे हरवलेले चेंडू शोधून द्यायचे. मॅनेजरसाहेबांना सांगितलं की नोकरीत असताना लष्कराच्या एका मैदानाचं गटाराचं काम केलं, तिथे शिकलो. आमच्या मुकादमाला सांगितलं की मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायला रद्दीतून एक जाड पुस्तक आणलेलं, त्यात चित्रं होती. आणि त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "मला तर सांगितलंन की दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईस्तोवर मासिक वाचलं." चारही गोष्टी खोट्या असतील. चारही खऱ्या असतील, हेही मला अशक्य वाटत नाही.

स्वतः ते कधी खेळले नव्हते. एकदाही नाही. मी तोंडावर विचारलं, कारण मला आडून बोलता येत नाही. त्यावर ते म्हणाले, सदतीस वर्षं मोऱ्या काढल्या, एकीतूनही वाहत गेलो नाही.

त्यांच्या घरी पलंगाखाली ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्या होत्या. एकशे बारा. प्रत्येक गुंडाळी म्हणजे एक पार थ्री. दुसरं काही नाही, फक्त पार थ्री. एक मासुंदा तलावावरून, या काठावर ओटा आणि पलीकडे जिथे भेळेच्या गाड्या लागतात तिथे ग्रीन. एक त्यांच्या गच्चीवरून समोरच्या शाळेच्या मैदानावर. एक वर्तकनगरात, दोन इमारतींच्या मधून, आणि त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीसुद्धा काढलेल्या, "कारण त्या रोज असतात." शाईने, सुबक, मोरीच्या नकाशात असतात तशा मापांच्या बाणांसकट. मी बघत राहिलो. शेजारच्यांनी हे पाहिलं तर काय म्हणतील, असा विचार माझ्या मनात आला. आणि लगेच असाही आला की कॉलेजात आमच्या एकाही प्रोफेसरची लाइन इतकी स्वच्छ नव्हती.

गुंडाळ्या परत सरकवताना ते जमिनीवर मांडी घालून बसलेले. वर न बघता म्हणाले, "एक तरी मातीत उतरलं पाहिजे, इंजिनिअर. कागदावर कुणाचाच चेंडू चुकत नाही."

त्यांना काय हवं होतं ते एवढंच. बाकी सगळं मला न कळण्यासारखं असलं तरी हे मला त्याच दिवशी कळलं. वय त्र्याहत्तर, आणि एकशे तेराव्याला जमीन मिळालेली.

सुरुवातीचे अकरा दिवस त्यांनी काहीही केलं नाही. स्टूल घेऊन चौथ्यावर यायचे, ओट्याच्या जागेकडे पाठ करून बसायचे. खिशात एक तपकिरीची डबी होती, तिच्यात सावरीचा कापूस. मधूनच चिमटीभर हवेत सोडायचे आणि तो कुठे जातो ते बघत राहायचे. तांब्याने जमिनीवर पाणी ओतायचे, ते कुठल्या वाटेने जातं ते वाकून बघायचे. मला रोज संध्याकाळी काम किती झालं याचा रिपोर्ट द्यावा लागायचा. चौथ्यासमोर मी काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, लिहा, वारा पाहिला. मी इंग्रजीत 'विंड स्टडी चालू आहे' असं लिहिलं. मॅनेजरसाहेब खूश झाले. बाकीच्या होलांचं असं काही केलं होतं का, म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

अवघड होल म्हणजे काय, यावर सर तासभर बोलू शकायचे आणि शेवटी मी सुरुवातीपेक्षा जास्त गोंधळलेलो असायचो. मोठ्या होलात पहिला फटका वाकडा गेला तरी पुढे सावरायला जागा असते, असं ते म्हणायचे. पार थ्रीत माणूस एकच वाक्य बोलतो, ते चुकलं की संपलं. म्हणून त्याला फसवायचं नाही. खड्डा लपवायचा नाही, झाडाआड झेंडा ठेवायचा नाही. "सगळं समोर ठेवायचं. त्याला दिसलं पाहिजे, आणि दिसूनही पटता कामा नये." मी मान डोलवायचो. दिसतंय तर पटणार का नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही. पदवीधर माणसाला 'कळलं नाही' असं म्हणणं जड जातं, हे कबूल करतो.

बाराव्या दिवशी त्यांनी लाकडी पेटी उघडली. आत जमिनीचे चढउतार मोजायची जुनी लेव्हलची दुर्बीण होती, त्यांच्या नोकरीच्या काळातली. तिच्यातून बघितलं की सगळं उलटं दिसतं. पट्टी धरून उभा असलेला माणूस डोक्यावर उभा. आमच्या साइटवर नवी यंत्रं होती, सगळं सुलटं दाखवणारी, बटण दाबलं की आकडा देणारी. मी ती देऊ केली. ते म्हणाले, उलटं बघताना माणूस जास्त लक्ष देतो. आठवडाभर त्यांनी मापं घेतली, फील्ड बुकात पेन्सिलने आकडे लिहिले आणि ग्रीनची माती टाकायला सांगितली.

शेवटचा थर मशीनने दाबायला त्यांनी मनाई केली. आमचे मुकादम जवळच्या गावातले आगरी, साठीच्या आसपासचे. सगळी साइट त्यांना दादूस म्हणायची. तरुणपणी ते मिठागरात होते. मिठाचे वाफे पायांनी चिखल तुडवून सपाट करतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सरांना हे समजल्यावर त्यांनी दादूसच्या गावातली आठ-दहा माणसं बोलावली आणि सगळ्यांना अनवाणी ग्रीनवर उतरवलं. स्वतःही बूट काढून उतरले. तीन दिवस ती माणसं खांद्याला खांदा लावून, पाय घासत, मागे मागे सरकत होती. मी कडेला रोलरच्या भाड्याची चौकशी करत उभा. मला ते सगळं जत्रेसारखं वाटत होतं.

आणि याच सुमारास त्यांचे डोळे गेले. म्हणजे मोतीबिंदू पिकला. चहा ओतताना कपाच्या बाहेर जायला लागला. एके दिवशी स्टुलाजवळ सिमेंटची गोणी पडलेली, तिला त्यांनी "अहो, जरा सरकता का?" असं विचारलं. थोडा वेळ वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. दादूसने गुपचूप गोणी उचलून बाजूला केली आणि सर स्टूल मांडून बसले.

मग ऑपरेशन. आधी एक डोळा, मग तो जरा चिघळला म्हणून औषधं, मग दुसरा. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही असं बजावलेलं. अडीच महिने ते नौपाड्यात घरी बसून होते. रोज सकाळी फोन यायचा आणि एकच प्रश्न असायचा, पाणी कुठे जातंय?

त्या अडीच महिन्यांत मी जे केलं ते आता सांगतो.

गवत लावायच्या आधी मी माझ्या यंत्राने ग्रीनची लेव्हल तपासली. माझं काम होतं ते. आणि मी आकडे दोनदा घेतले. ग्रीन उलटी उतरत होती. ओट्याकडची उजवी बाजू उंच आणि मागचा डावा कोपरा, ओढ्याकडचा, दोन फूट खाली. म्हणजे समोरून येणारा चेंडू ग्रीनवर पडला की मागे मागे जाणार आणि ओढ्यात. अहो, नाट्यगृहाच्या खुर्च्यासुद्धा रंगमंचाकडे उतरत आणतात. बाकीच्या आठही ग्रीन खेळाडूकडे तोंड करून होत्या, चेंडू थांबवणाऱ्या. मी फील्ड बुक काढलं. आकडे तसेच, उलटे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुर्बीण उलटी, डोळ्यांत मोतीबिंदू, वय त्र्याहत्तर. चढ तिथे उतार लिहिला गेला. पट्टीवरचा आकडा मोठा म्हणजे जमीन खाली, यात पहिल्या वर्षाची मुलंही घोळ करतात.

आता हे मॅनेजरसाहेबांना सांगितलं असतं तर सरांचं हसं झालं असतं. बिचाऱ्यांचं एकुलतं एक होल, आणि ते उलटं. मी ठरवलं, आपण गुपचूप सरळ करून देऊ. कुणाला कळणार नाही, त्यांनाही नाही.

दादूसने मला अडवलं. मी माती हलवायला सांगितली तेव्हा तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. म्हणाला, "सायेब, त्यांनी तिकरं उतार ठेवला तो काय येरेपनानं ठेवला? मना तर बरोबर वाटतंय. इचारा ना त्यांना." मी म्हटलं, दादूस, याचं शिक्षण लागतं. हे वाक्य मला आजही आठवलं की कान तापतात. दादूस बाजूला झाला. रोलर आला. चार दिवसांत ग्रीन माझ्या पुस्तकातल्यासारखी झाली, तोंड ओट्याकडे, पुढे पाणी जायला नाली. वर गवत लागलं. रोज सकाळी फोन यायचा, पाणी कुठे जातंय, आणि मी सांगायचो, बरोबर जातंय सर.

ट्रायलच्या दिवशी शेठ आले, मॅनेजरसाहेब आले, आणि शेठच्या ओळखीचे एक गृहस्थ आले, तीस वर्षं गोल्फ खेळणारे. सर काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले. नवा शर्ट होता, घड्या दिसत होत्या. काकूही आलेल्या. कुत्र्याने त्यांना ओळखलं.

गृहस्थांनी ओट्यावरून ग्रीनकडे पाहिलं आणि मारलं. चेंडू वर गेला, झेंड्यापुढे पडला, एक उसळी घेऊन थांबला. शेठनी टाळ्या वाजवल्या. गृहस्थ म्हणाले, सुंदर, अगदी मैत्रीपूर्ण होल आहे. सरांनी त्यांना विनंती केली, अजून एक मारता का? दुसराही थांबला. अजून एक? सात चेंडू मारून घेतले. एक कडेच्या वाळूच्या खड्ड्यात पडला, सहा ग्रीनवर, झेंड्याभोवती आज्ञाधारक बसलेले. सातव्यानंतर सरांनी चष्मा काढला. काकू ओरडल्या, डॉक्टरांनी काय सांगितलंय! ते टेकाड उतरून चालत ग्रीनवर गेले. मी मागे धावलो. त्यांनी माळ्याकडून पाण्याची झारी घेतली आणि ग्रीनच्या मधोमध ओतली. पाणी परत फिरून त्यांच्या पांढऱ्या बुटांवर आलं.

"हे कुणी केलं?"

मी म्हटलं, मी. तुमची रीडिंगं उलटी पडलेली, सर.

"मला विचारलं का नाहीत?"

मी म्हटलं, तुमचं ऑपरेशन, तुमचे डोळे, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल.

त्यांनी झारी माळ्याला परत दिली. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे दया केलीत."

तिथे उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. उजवीकडे ग्रीनची ती उंच कड, मी कापून टाकलेला कठडा, जिथे चेंडू टेकवायचा आणि तिथून त्याला आपल्या पायांनी झेंड्याकडे उतरू द्यायचं. झेंड्यावर थेट मारणारा ओढ्यात. समोर दिसणारं आणि न पटणारं. ते चुकलेले नव्हते. मी चुकलेलो, तेही मार्कशीट हातात घेऊन.

मॅनेजरसाहेबांना हे सांगायला मला दोन दिवस लागले. दोन दिवस, कारण माझं कन्फर्मेशनचं पत्र टेबलावर सहीला होतं. खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी सांगितलं आणि म्हटलं, ग्रीन उकरून परत करू द्या. ते हसायलाच लागले. अरे, तू तर आम्हाला वाचवलंस. फ्लॅट घेणाऱ्याला ओढ्यात चेंडू घालवायचा नसतो. त्यांनी पत्रावर माझ्यासमोर सही केली आणि पाठ थोपटली. इतकं वाईट मला नापास झालो असतो तरी वाटलं नसतं.

संध्याकाळी नौपाड्याला गेलो. सर टेबलावर वाकलेले होते. चौथ्याचा मूळ नकाशा पुढ्यात. अर्धं ब्लेड घेऊन ते ट्रेसिंगवरची शाई खरवडत होते, जुने ड्राफ्ट्समन खरवडायचे तशी, कागद न फाडता, फुंकर मारत मारत. ग्रीनचे आकडे खरवडून त्यांनी माझे आकडे घातलेले. खाली उजव्या कोपऱ्यात डिझायनरच्या जागी त्यांचं नाव होतं, तेही खरवडलं. मग पेन माझ्यापुढे केलं. म्हणाले, इथे तुमचं नाव आणि सही. जमिनीवर जे आहे तेच कागदावर असलं पाहिजे.

मी नको नको म्हणत होतो. त्यांनी पेन धरूनच ठेवलं. आवाज चढला नव्हता. काकू दारात पोहे घेऊन उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांनीच मला कर असं सांगितलं. मी सही केली. ही शिक्षा होती की बक्षीस, हे मी काकूंना जिन्यात विचारलं. त्या म्हणाल्या, एवढ्या वर्षांत मला कळलं असतं तर तुला सांगितलं नसतं का रे?

त्या नकाशाची झेरॉक्स क्लबहाउसमध्ये लागली आणि एक वडिलांनी मागून घेतली. फ्रेम करून आमच्या घरी लावली, रिक्षाच्या पहिल्या परमिटच्या शेजारी. पाहुणे आले की बोट ठेवून माझं नाव दाखवायचे. मी आत निघून जायचो. आईला वाटायचं, पोरगा लाजतो.

पाच वर्षं गेली. आता कोर्सची सगळी देखभाल माझ्याकडे आहे, हाताखाली तीन इंजिनिअर. मागच्या पावसाळ्यानंतर चौथ्याच्या ग्रीनला बुरशी लागली, पुढची नाली तुंबून पाणी मुरत राहिलेलं. सगळं गवत काढून माती नव्याने घालायची वेळ आली. मी सरळ नौपाडा गाठला. म्हटलं सर, आता माझ्या हातात आहे, या, तुमच्या मनासारखं करून घेऊ. सर खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, तुमच्या होलाबद्दल मला कशाला विचारता? आणि मग गल्लीत नवीन पडलेल्या खड्ड्यावर अर्धा तास बोलले. त्यांना ऐकू आलं नव्हतं, की राग होता, की खरंच काही वाटत नव्हतं, मला ठरवता आलं नाही. निघताना म्हणाले, फील्ड बुक माझं तुमच्याकडेच राहिलंय. परत द्या म्हणाले नाहीत.

ते पेन्सिलचे आकडे मी काढले. दादूस आता कामावर येत नाही, गुडघे गेलेत. त्याच्या घरी जाऊन हात जोडले. माझं ऐकून तो म्हणाला, "आता शिक्सन पुरा झाला वाटतं." पण आला. मुलाच्या मोटरसायकलवरून आला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आठ माणसांना पाय कसे घासायचे ते ओरडून सांगत होता. मीही बूट काढून उतरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पायाला ते कळलं, की आता अर्धा इंच जास्त झालं. कसं कळलं ते सांगता येणार नाही.

गवत धरल्यावर चौथं सुरू केलं आणि दीड महिन्यात क्लबहाउसचं तक्रारींचं पुस्तक भरायला लागलं. आधी त्यात पंखा आणि पाण्याच्या कूलरबद्दलच असायचं. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं की हे काय केलंस. मी सांगितलं, बुरशीवर कायमचा उपाय केला, आता पाणी एक थेंब थांबत नाही. ते खरंच होतं. ते म्हणाले, महिनाभर बघतो, लोक असेच ओरडत राहिले तर तुझ्या खर्चाने सपाट करून घेईन.

चौदा तक्रारींची झेरॉक्स काढून मी नौपाड्याला गेलो. सरांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. पहिली वाचली. दुसरी वाचली. झेंड्याशेजारी पडलेला चेंडू ओढ्यात सापडला, हे काय चाललंय? सकाळी जमलं, दुपारी वारा फिरल्यावर जमेना. सलग तीन रविवार याच होलाने माझा खेळ नासवला, पुढच्या रविवारी परत येतोय. प्रत्येकीवर ते पेन्सिलीने बारीक टिंब करत होते. मला चेहऱ्यावरून काही कळेना. एक तक्रार त्यांनी मोठ्याने वाचली, काकूंना ऐकू जाईल अशी: "या डिझायनरला गोल्फ म्हणजे काय हे ठाऊक नाही." मग वर लिहिलेलं माझं नाव वाचलं. क्लबहाउसच्या भिंतीवर माझं नाव, म्हणून लोक मलाच उद्देशून लिहितात.

"म्हणजे शिव्या तुम्हाला."

मी म्हटलं, हो सर. नकाशा बदलून तुमचं नाव घालतो. आजच.

ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. नवव्या तक्रारीवर पेन्सिल टेकवली. त्या माणसाने लिहिलेलं की उजव्या कठड्यावर नेमका टेकवला तरी चेंडू मध्येच अडून राहतो, हा अन्याय आहे.

"हा एकटा बरोबर आहे," सर म्हणाले. "कठडा चार बोटं उंच हवा होता. माझ्या वहीतच कमी लिहिलाय. ही चूक माझी, इंजिनिअर."

मी लगेच म्हटलं, करून टाकतो सर, चार बोटं काय, एका दिवसाचं काम आहे.

त्यांनी चौदाही कागद उचलले, टेबलावर आपटून सारखे केले आणि आपल्या बाजूला ठेवले. "त्या चुकीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. आणि मला चहा हवा का, असं न विचारता काकूंना दोन कप टाकायला सांगितलं.